भरतीचं जुनं वेळापत्रक

लर्विकच्या चढावरच्या गल्लीत
डिसेंबरात तीनलाच अंधारतं.
तेव्हा मी मिठाची गाडी ऑस्लाच्या दाराशी लावते.
रस्त्यावर बर्फ धरायच्या आत मीठ पसरायचं, ही माझी नोकरी.
आत ती खळ ढवळत असते.

मैदा, पाणी, चिमूटभर तुरटी,
मंद आच, चमचा एकाच दिशेनं.
गुठळी झाली तर?
"तर पुन्हा. मैद्याला कुठली बोट गाठायचीय?"

टेबलावर पसारा:
दोन हजार नऊ सालचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक,
ज्यातलं सगळं पाणी केव्हाच येऊन गेलं;
ओटच्या पिशवीचा तळ, त्यावर गिरणीचं अर्धंच नाव;
स्वेटरच्या नमुन्यांचे चौकडीचे कागद,
कुणाकुणाच्या बोटांचे तेलकट ठसे;
इस्पितळाची खिडकीवाली लांबट पाकिटं.
आतली पत्रं तिनं शेगडीत घातली,
खिडक्या ठेवल्या.
"पत्रात नुसतं माझं वय होतं.
यातून पलीकडचं काही दिसेल तरी."

मी एकदा म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानात
दोन पौंडांना वही मिळते, रेघांसकट.
"मिळते की," ऑस्ला म्हणाली,
आणि दाभणात दोरा ओवू लागली.
तीनदा हुकला.
चौथ्यांदा टोक जिभेवर ओलं केलं, मेणबत्तीवरून ओढलं,
आणि गेला.

दाभण मॅग्नीचा. शिडं शिवायचा तो त्यानं.
त्याला जाऊन अकरा हिवाळे झाले,
दाभण अजून त्याच्याच मुठीला वळलेला, किंचित डावीकडे.
घडीच्या पाठीला पाच भोकं.
आत, बाहेर, आत.
दर टाक्याला तिचे ओठ हलतात.
मोजतेय की कुणाशी बोलतेय,
मी विचारत नाही.

मग वजन:
इस्त्री, बीटच्या लोणच्याची बरणी,
फडक्यात गुंडाळलेली पीटची दोन वाळकी ढेकळं.
"मंगळवारपर्यंत हात लावायचा नाही."
त्या दिवशी बुधवार होता.

गेल्या आठवड्यात खणाच्या तळाशी एक चिठ्ठी निघाली.
एकोणीसशे एकाहत्तर, लोकरीच्या व्यापाऱ्याचा शिक्का,
टंकलेली ओळ:
डावी बाही अर्धा इंच लांब. किंमत कमी केली आहे.
ऑस्ला तेव्हा एकोणीस वर्षांची.
तिनं मोठ्यानं वाचली,
हवामानाचा अंदाज वाचावा तशी.
"बरोबरच होतं त्याचं," म्हणाली.
"रात्री मीही मोजली होती. उसवायचा कंटाळा केला."
मग पन्नास वर्षं ठेवलीस कशाला?
तिनं किटलीखालची आच कमी केली.

चिठ्ठी पहिल्या पानावर नाही लावली.
मध्येच कुठेतरी, भरतीच्या आकड्यांवर,
खळ माखून, तळव्यानं मधून कडेकडे दाबत.
वही बांधून झाली तेव्हा
डावीकडचं एक पान बाकीच्यांच्या बाहेर आलेलं.
मी कात्री पुढे केली.
तिनं ती घेतली, मिटली, टेबलावर ठेवून दिली.
पान तसंच आहे.
मी पट्टी लावून पाहिलं नाही,
पण अर्धा इंच भरेल.

निघताना म्हटलं, माझ्या गाडीतही कागद असतात,
कुठल्या रस्त्यावर किती मीठ, रात्री किती वाजता.
वर्ष संपलं की फेकतात.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा नेला.
कडा मिठानं खाल्लेल्या, चहाचा गोल डाग,
माझंच अक्षर, थंडीनं वाकडं.
ऑस्लानं एक पान उचललं, नाकाशी नेलं,
दिव्यासमोर धरलं.
"ओले आहेत," म्हणाली.
"शेगडीमागे पसर.
मार्चमध्ये बघू."